कोलंबस १४९२ मध्ये निघाला, मग ज्ञानोदयाला अडीचशे वर्षं का लागली?

एम.ए.च्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "सागरी शोधांमुळे युरोपीय माणसाची दृष्टी विस्तारली आणि त्यातून ज्ञानोदयाचे (एनलाइटनमेंटचे) विवेकवादी विचार पुढे आले, असं पुस्तकात एका वाक्यात दिलेलं असतं. पण कोलंबस निघाला १४९२ मध्ये आणि दिदरो या फ्रेंच विचारवंताच्या विश्वकोशाचा पहिला खंड आला १७५१ मध्ये. मधल्या काळात नक्की काय घडलं? आणि हे विचार वसाहतींच्या लुटीवर उभे असतील तर त्यांना आपण मान का द्यायचा?"

आधुनिक युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि पुस्तकातलं ते वाक्य मला कधीच पुरेसं वाटलं नाही. ते खोटं नाही, पण सगळा कार्यकारणभाव त्यात गिळून टाकला आहे. नवा प्रदेश पाहिला म्हणून कोणाची दृष्टी आपोआप विस्तारत नाही. बहुतेक वेळा माणूस नवी गोष्ट जुन्याच चौकटीत बसवतो आणि पुढे जातो. कोलंबसाने तेच केलं. चार सफरी झाल्या, तरी आपण आशियाच्याच काठाला लागलो होतो ही त्याची समजूत १५०६ मध्ये मरेपर्यंत कायम होती.

माझं उत्तर आधी थोडक्यात सांगतो. जहाजांनी युरोपात अडचणी आणल्या. बायबलच्या कालगणनेत न बसणारी राज्यं, ॲरिस्टॉटलला न जुमानणारी हवा, ख्रिस्ताचं नावही न ऐकता नीतीने वागणारी माणसं. या अडचणींचे विचार कुठे झाले? जिथे त्या छापल्या गेल्या, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता आल्या आणि त्यांवर उघड भांडता आलं तिथे. अशा जागा तयार व्हायलाच अडीचशे वर्षं गेली.

समुद्रप्रवास पुरेसा असता तर ज्ञानोदयाचं मुख्य शहर लिस्बन ठरलं असतं. पोर्तुगालच्या बार्तोलोमेउ दिअसने १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने जमिनीने वेढलेला दाखवलेला हिंदी महासागर प्रत्यक्षात खुला आहे, हे तिथेच दिसलं. दहा वर्षांनी वास्को द गामा कालिकतला उतरला. स्पेनने १५०३ मध्ये सेव्हिलला 'कासा दे ला कोंत्रातासिओन' ही कचेरी उघडली. तिथे जहाजांच्या पायलटांची परीक्षा होई आणि परतलेल्या पायलटांच्या माहितीवरून 'पाद्रोन रेआल' हा सरकारी मूळ नकाशा वेळोवेळी दुरुस्त केला जाई. १५७७ मध्ये तर स्पॅनिश दरबाराने अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांना ५० प्रश्नांची छापील प्रश्नावली धाडली. गावाच्या नावाचा अर्थ काय, हवा कशी, पूर्वी इथले लोक कोणाच्या सत्तेखाली होते, औषधी वनस्पती कोणत्या. मेक्सिकोतून उत्तरं आली, आणि त्यांतल्या अनेकांसोबत स्थानिक चित्रकारांनी रंगवलेले नकाशेही आले.

ती उत्तरं दफ्तरात पडून राहिली. त्यातली बहुतेक छापली गेली ती एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर. माहिती गोळा करण्याची शिस्त स्पेनकडे लंडनच्या कितीतरी आधी होती, हे मी वर्गात ठासून सांगतो, कारण इंग्रजी पुस्तकं वाचून आपण ते श्रेय सरसकट इंग्लंडच्या खात्यावर मांडतो. पण स्पेनला ही माहिती राज्य चालवण्यासाठी हवी होती. नकाशा हे सरकारी गुपित होतं, आणि धर्माला लागून असलेल्या कुठल्याही विषयावर उघड वाद घालणं जिवावर बेतणारं होतं.

म्हणून या शोधांच्या पहिल्या शतकात जुन्या चौकटीला गेलेले दिसतात ते सुटेसुटे तडे. होसे दे आकोस्ता हा जेसुइट या कॅथलिक संघातला पाद्री पेरूला जाताना विषुववृत्त ओलांडत होता. उष्ण कटिबंधात माणूस राहूच शकणार नाही, इतकं तिथे ऊन असतं, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला होता. ऐन मार्चमध्ये, सूर्य डोक्यावर असताना, आकोस्ताला मात्र इतकी थंडी वाजली की तो ऊब घ्यायला उन्हात जाऊन बसला. तेव्हा ॲरिस्टॉटलच्या हवामानशास्त्राचं मला हसू आलं, असं त्याने १५९० मध्ये सेव्हिलला छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. हसला, पण श्रद्धा सोडली नाही. अमेरिकेतली माणसं आणि जनावरं नोहाच्या तारवातूनच पसरली असणार, मग ती इथवर आली कशी, असा प्रश्न त्याने स्वतःला घातला आणि आशियाकडून जमिनीच्या वाटेने आली असावीत असा तर्क केला. जुनी चौकट वाचवण्याच्या धडपडीत तो एका चांगल्या अनुमानापाशी पोचला. या काळातलं बरंचसं नवं ज्ञान असंच जन्मलं आहे.

दुसरा तडा आपल्या गोव्यातला आहे आणि त्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. घराणं मूळचं ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. गोव्यात त्याचा औषधांचा व्यवसाय होता, मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचं येणंजाणं होतं. तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ मध्ये त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. पोर्तुगीज भाषेत, संवादाच्या रूपात. सालामांकाहून नुकताच आलेला डॉक्टर रुआनो हा त्यातला काल्पनिक पाहुणा. तो उठल्यासुटल्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला समोर आणलेलं फळ, मूळ, साल दाखवतो. मोलकरीण अंतोनिया मधूनच जाऊन जिन्नस घेऊन येते. एका ठिकाणी ओर्ता म्हणतो की डायोस्कोरिडीस आणि गॅलेन या ग्रीक वैद्यांची भीती मला घालू नका, मी पाहिलेलं आणि खरं तेवढंच सांगतो. आणखी एका ठिकाणी तो कबूल करतो की स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ग्रंथप्रामाण्य झुगारायला लागणारं धैर्य त्याला अंतरामुळे मिळालं. युरोपातल्या विद्यापीठांपासून हजारो मैल दूर, कोकणी वैद्य आणि निजामशाहीतले हकीम ज्या गोष्टी रोज हाताळत होते त्यांच्या साक्षीने तो बोलत होता. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं होतं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली गेली. त्याचं पुस्तक टिकलं ते क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. त्याच्या हाती एक प्रत लागली आणि १५६७ मध्ये त्याने तिचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला. युरोपने ओर्ता वाचला तो बहुतांशी असा, आणि त्यात संवादांचा गाभा, म्हणजे रुआनोशी घातलेला तो वाद, गळून गेला होता.

स्पेनमधल्या वायादोलिद शहरातला वाद याच काळातला. अमेरिकेतल्या लोकांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का, यावर १५५०-५१ मध्ये युद्धाला विरोध करणारा पाद्री लास कासास आणि समर्थन करणारा विद्वान सेपुल्वेदा राजाने नेमलेल्या मंडळापुढे भांडले. सेपुल्वेदाचा आधार पुन्हा ॲरिस्टॉटलच: काही माणसं निसर्गतःच दास असतात. ठाम निकाल लागलाच नाही. मानवी हक्कांच्या चर्चेची सुरुवात इथून धरतात ते मला मान्य आहे, मात्र लास कासासचा युक्तिवाद मुख्यतः धर्माच्या भाषेतला आहे. त्याला ज्ञानोदयात ढकलू नये.

आता सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या. तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये संपलं. एकाच ख्रिस्ताच्या नावाने युरोपने स्वतःचं रक्त इतकं सांडलं होतं की धर्मग्रंथाखेरीज दुसरा कुठला समाईक आधार सापडतो का, याचा शोध निकडीचा झाला. डच प्रजासत्ताकात छापखाने तुलनेने मोकळे होते. लंडनमध्ये १६६० साली रॉयल सोसायटी स्थापन झाली आणि पॅरिसमध्ये १६६६ साली विज्ञान अकादमी. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, १६६६ मध्ये, दूरच्या सफरींवर निघणाऱ्या खलाशांसाठी सूचना छापलेल्या आहेत. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते टिपा, भरती-ओहोटीच्या वेळा नोंदवा, किनाऱ्याचे आराखडे काढा, रोजनिशी ठेवा आणि परतल्यावर तिची नक्कल जमा करा. सेव्हिलनेही हेच मागितलं होतं. इथे उत्तरं छापून येणार होती, आणि ॲमस्टरडॅममधल्या माणसाला पॅरिसमधल्या माणसाची चूक काढता येणार होती.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे झाँ रिशेचा लंबक. अकादमीने रिशेला १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केयेन या फ्रेंच वसाहतीत पाठवलं. मुख्य काम मंगळाच्या वेधांचं होतं. सोबत लंबकाचं घड्याळ होतं. पॅरिसमध्ये सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाची लांबी असते साधारण ९९.४ सेंटिमीटर. तोच लंबक केयेनला दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागला. रिशेने तो आखूड केला तेव्हा वेळ जुळली, आखूड केला किती, तर तीन मिलिमीटरहूनही थोडा कमी. महिनोन् महिने, आठवड्यामागून आठवडा त्याने हे माप पुन्हा पुन्हा घेतलं, कारण पॅरिसला कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला दिसत होतं. झालंही तसंच. उष्णतेने धातू प्रसरण पावला असेल, निरीक्षणात ढिलाई झाली असेल, असे आक्षेप निघाले.

न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात हे तीन मिलिमीटर हातात घेतले. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आणि ध्रुवांशी चपटी असेल तर विषुववृत्ताजवळच्या केयेनला गुरुत्व कमी भरणारच, हा त्याचा निष्कर्ष. फ्रान्समधल्या कासिनी या खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्याची मोजमापं नेमकी उलटं सांगत होती. मग वाद मिटवण्यासाठी १७३५ मध्ये एक तुकडी आजच्या इक्वेडोरमधल्या कितोकडे आणि १७३६ मध्ये दुसरी उत्तरेला लॅपलँडकडे निघाली. या दुसऱ्या तुकडीचा प्रमुख मोपर्त्युई लॅपलँडहून परतला तो न्यूटनचं म्हणणं खरं ठरवून. फ्रेंच लेखक व्होल्टेअरने हा विजय डोक्यावर घेतला. त्याच्या दृष्टीने हा पृथ्वीच्या आकारापुरता प्रश्नच नव्हता. कोणाही अधिकारी पुरुषाचं मत, मग तो फ्रेंचांचा थोर तत्त्वज्ञ देकार्त का असेना, मोजपट्टीपुढे नमतं घेतं, ही गोष्ट सगळ्या युरोपादेखत सिद्ध झाली होती. आणि खगोलशास्त्रात हे चालतं तर राज्यशास्त्रात आणि धर्मशास्त्रात का चालू नये, हा पुढचा प्रश्न त्याच दिवाणखान्यांत विचारला जाऊ लागला.

न्यूटनने स्वतः इंग्लंडबाहेर पाऊल टाकलं नाही. त्याच्या ग्रंथातले आकडे केयेनहून आले, आजच्या व्हिएतनाममधल्या तोंकिनच्या भरती-ओहोटीच्या नोंदींतून आले, सेनेगलच्या किनाऱ्याजवळच्या गोरे बेटावरून आले. गोरे म्हणजे तेव्हाचं फ्रेंचांचं गुलामव्यापाराचं ठाणं. लंबकाचं घड्याळ आणि साखळदंड एकाच व्यापाराच्या वाटेने प्रवास करत होते. या मुद्द्याकडे मी शेवटी येतो.

निसर्गविज्ञानात जे लंबकाने केलं ते नीतिशास्त्रात चीनने केलं. जेसुइट पाद्री सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमध्ये होते. तिथून ते युरोपला वृत्तांत पाठवत, ग्रंथांची भाषांतरं पाठवत. हेतू साधा होता: हे लोक इतके सुसंस्कृत आहेत की ख्रिस्ती धर्म त्यांना सहज रुचेल, तेव्हा आमच्या कार्याला पैसा द्या. युरोपातल्या वाचकांनी त्यातून भलतंच काढलं. मार्तीनो मार्तीनी या जेसुइटाने १६५८ मध्ये चिनी राजांचा इतिहास लॅटिनमध्ये छापला. त्यातला पहिला राजा फू-शी इसवी सनापूर्वी २९५२ चा. इकडे आर्चबिशप अशरने बायबलवरून मांडलेल्या हिशेबात नोहाचा प्रलय येतो इ.स.पू. २३४९ च्या सुमारास. म्हणजे सगळी पृथ्वी बुडण्याआधी सहाशे वर्षं चीनमध्ये राज्य चालू होतं आणि बुडाल्याची दखल तिथल्या बखरकारांनी घेतलेली नाही! धर्मपंडितांनी बायबलच्या ग्रीक पाठाचा आधार घेऊन काही शतकं वाढवून घेतली, तरी शंका रुजायची ती रुजली. व्होल्टेअरने १७५६ मध्ये जगाचा इतिहास लिहिला तेव्हा सुरुवात इस्राएलपासून केली नाही, चीनपासून केली.

त्याआधी क्रिस्तियान वोल्फचं प्रकरण होऊन गेलं होतं. परीक्षेच्या दृष्टीने हे उदाहरण फारसं कोणी देत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. वोल्फ हा प्रशियातल्या हाल्ले विद्यापीठातला तत्त्वज्ञानाचा आणि गणिताचा प्राध्यापक. जुलै १७२१ मध्ये विद्यापीठातल्या एका समारंभात त्याने चिन्यांच्या व्यावहारिक नीतिशास्त्रावर भाषण केलं. जेसुइट नोएलने १७११ मध्ये छापलेली चिनी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं त्याने वाचली होती. त्याचं म्हणणं असं की कन्फ्यूशियसला ईश्वरी साक्षात्कार झाला नव्हता, बायबल त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, तरी त्याची नीती आपल्या नीतीशी जुळते. याचा अर्थ चांगलं काय आणि वाईट काय हे माणसाला बुद्धीच्या बळावर कळू शकतं. विद्यापीठातले धर्मशास्त्राचे प्राध्यापक खवळले. दोन वर्षं खलबतं चालली. नोव्हेंबर १७२३ मध्ये राजा फ्रीडरिख विल्हेल्मचा हुकूम आला: ४८ तासांत प्रशिया सोड, नाहीतर फाशी. वोल्फ मारबुर्गला गेला. या हद्दपारीने त्याचं नाव युरोपभर झालं, बाजूने आणि विरोधात पत्रकांचा पाऊस पडला, आणि १७४० मध्ये नव्या राजाने, म्हणजे दुसऱ्या फ्रीडरिखने, त्याला सन्मानाने परत बोलावलं.

या घटनेचे टप्पे पाहा. चीनमधल्या पाद्र्याचं भाषांतर, प्राग शहरातला छापखाना, प्रॉटेस्टंट विद्यापीठातलं भाषण, राजाचा हुकूम, पत्रकांचं युद्ध आणि वीस वर्षांत उलटलेला निर्णय. 'दृष्टी विस्तारली' या दोन शब्दांत जे दडलं आहे ते हे.

फ्रेंच निबंधकार मोंतेनचं नाव इथे घ्यायला हवं, कारण सुरुवात त्याने केली. १५६२ मध्ये रूआँ शहरात ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तीन तुपिनांबा लोक आणले होते. तुम्हाला इथे काय नवल वाटलं, असं त्यांना विचारण्यात आलं. त्यांचं उत्तर मोंतेनने १५८० च्या निबंधात नोंदवलं आहे. दाढीमिशा असलेले, हत्यारबंद धिप्पाड पुरुष एका पोराची आज्ञा पाळतात हे एक नवल (राजा नववा शार्ल तेव्हा १२ वर्षांचा होता). दुसरं असं की काही लोक खाऊनपिऊन तृप्त आहेत आणि त्यांचेच बांधव दारात उपाशी भीक मागतात, तरी ते यांची मानगूट धरत नाहीत की घरं पेटवत नाहीत. तिसरी गोष्ट आपण विसरलो, असं मोंतेन प्रांजळपणे लिहितो. फ्रेंच राज्यक्रांतीला तेव्हा २०९ वर्षं अवकाश होता. राजेशाही आणि विषमता या दोन्हींवर बोट तेव्हाच ठेवलं गेलं होतं, आणि ते ब्राझीलच्या लोकांनी ठेवलं होतं.

युरोपबाहेरच्या माणसांनी युरोपवर केलेली टीका ज्ञानोदयात किती भिनली, यावर अलीकडे जोरात वाद चालू आहे. लाओंताँ या फ्रेंच अधिकाऱ्याने १७०३ मध्ये हेग शहरात कॅनडातल्या वेंडाट लोकांच्या 'अदारियो' नावाच्या सरदाराशी झालेले संवाद छापले. अदारियो म्हणजे कांदियारोंक, हे बहुतेकांना मान्य आहे. हा खराखुरा नेता, १७०१ मध्ये मॉन्ट्रियलच्या तहाच्या वेळीच वारला, आणि त्याच्या वक्तृत्वाची साक्ष इतर फ्रेंचांनीही दिली आहे. संवादातला अदारियो म्हणतो की पैसा आणि मालमत्ता हेच तुमच्या सगळ्या दुष्टपणाचं मूळ आहे. ही वाक्यं त्याची की लाओंताँची? माझं मत असं की शब्द लाओंताँचे, पण वादाची ठिणगी तिकडचीच. कॅनडातल्या जेसुइटांचे वार्षिक अहवाल १६३२ पासून पॅरिसला छापून येत होते. त्यांत हे पाद्री वैतागून लिहितात की इथले लोक कोणाचा हुकूम मानत नाहीत, नायकाचं चालतं ते त्याच्या बोलण्यात वजन असेल तेवढंच. हे लिहिणाऱ्यांना अशा स्वातंत्र्याचं कौतुक मुळीच नव्हतं, म्हणूनच त्यांची साक्ष मी जास्त मोलाची मानतो.

सगळी साक्ष अशी भक्कम नव्हती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० मध्ये जन्मजात कल्पना असं काही नसतं हे सिद्ध करायला प्रवासवृत्तांतांचे हवाले दिले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, ब्राझीलमध्ये असे समाज आहेत की ज्यांना ईश्वराची कल्पनाच नाही, असं ते वृत्तांत सांगत. आफ्रिकेच्या त्या टोकाकडच्या खोइखोइ लोकांना धर्म नाही हे म्हणणं धडधडीत चूक होतं, भाषा न समजणाऱ्या प्रवाशांनी ते लिहून ठेवलं होतं. चुकीच्या पुराव्यावर एक टिकाऊ सिद्धांत उभा राहिला.

फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचं उलट झालं. चुकीच्या पुराव्यावर त्याने चुकीचाच सिद्धांत रचला. आशियात कायदा नसतो, खाजगी मालमत्ता नसते, असतो तो राजाच्या लहरीचा अंमल, असं त्याने १७४८ मध्ये मांडलं, आणि आधार घेतला बर्निए वगैरे प्रवाशांचा. त्याला सर्वांत खणखणीत उत्तर देणारा माणूस महाराष्ट्रातून फिरून गेला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. आंकतिल-द्युपेरों हा फ्रेंच अभ्यासक १७५५ मध्ये पाँडिचेरीला उतरला. पारशी धर्मग्रंथ मिळवण्याच्या ध्यासाने तो सुरतेला निघाला तेव्हा वाटेत मराठी मुलूख लागला. नानासाहेब पेशव्यांचा तो काळ. वेरूळची लेणी त्याने पाहिली, पुढे घारापुरी आणि कान्हेरीचीही. मराठ्यांच्या मुलखात शिरल्यावर आपण सुवर्णयुगातल्या साधेपणात आणि सुखात येऊन पोचलो असं वाटलं, लोक आनंदी, धट्टेकट्टे आणि पाहुणचाराला तत्पर होते, असं त्याने लिहिलं. हेही वर्णन जसंच्या तसं घ्यायला मी तयार नाही. फ्रान्सला टोचायला आशियात सुवर्णयुग शोधणं ही त्या पिढीची सवय होती.

पण सुरतेला दस्तुरांपाशी बसून त्याने अवेस्ताचा अभ्यास केला, १७७१ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर छापलं, आणि १७७८ मध्ये ॲमस्टरडॅमला आशियातल्या कायद्यांवरचा ग्रंथ काढला. तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान, तिन्हीकडे लिखित कायदे आहेत, मालमत्तेची खरेदी-विक्री आणि वारसा आहे, राजावर बंधनं आहेत, हे त्याने कागदपत्रांनिशी दाखवलं. शिवाय एक गोष्ट स्पष्ट केली: आशियात मालमत्तेचा हक्कच नाही असं म्हणणं युरोपीय कंपन्यांना सोयीचं आहे, कारण मग तिथली जमीन बळकावताना कोणाचं काही हिरावलं असं होत नाही. हे १७७८ मध्ये! बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती जाऊन तेरा वर्षं झाली होती. दुर्दैवाने पुढच्या शतकात माँतेस्क्यूच वाचला गेला आणि हा मागे पडला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. लुटीचा संबंध आहे का? आहे, आणि तो सौम्य करून सांगू नये. आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोट माणसं अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. स्वातंत्र्य हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे म्हणणाऱ्या लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते, आणि तो ज्या कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता तिच्या १६६९ च्या घटनेत मालकाला गुलामावर पूर्ण सत्ता दिलेली होती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनेअसने १७५८ मध्ये माणसाचे खंडानुसार प्रकार पाडले. त्यात युरोपीय माणूस कायद्याने चालतो, आशियाई मताने आणि आफ्रिकी लहरीने, असं शास्त्रीय वर्गीकरणाच्या सुरात लिहिलं आहे. वंशवादाला शास्त्राचा मुलामा चढला तो याच ज्ञानोदयात. तुलना करण्याच्या ज्या सवयीने बायबलची कालगणना हलली, त्याच सवयीने माणसांची उतरंडही रचली.

आणि त्याच काळात, त्याच पॅरिसमध्ये, रेनालच्या नावावर १७७० मध्ये निघालेल्या वसाहतींच्या इतिहासात दिदरो गुलामगिरीवर आग ओकत होता. १७८० च्या आवृत्तीत त्याचा वाटा मोठा आहे. गुलामांमधून एक महापुरुष उठेल आणि सूड उगवेल, असं भाकीत त्या ग्रंथात आहे. १७८१ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने तो जाहीरपणे जाळायला लावला. दहा वर्षांनी, ऑगस्ट १७९१ मध्ये, सँ-दोमँग (आजचं हैती) या फ्रेंच वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांवर बंड पेटलं. तिथे जवळपास पाच लाख गुलाम होते. पॅरिसमध्ये दोन वर्षांपूर्वी मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला होता, त्यात गुलामांचा उल्लेख नव्हता. सँ-दोमँगच्या लोकांनी तो आपल्यालाही लागू आहे असं धरलं, आणि अंगावर आलेल्या फौजांशी लढून ते सिद्ध केलं. ४ फेब्रुवारी १७९४ ला फ्रान्सच्या सभेने सगळ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, ती मुख्यतः या बंडाच्या रेट्यामुळे. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणायचा प्रयत्न केला. सँ-दोमँगमध्ये त्याच्या फौजेचा पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं.

तुम्ही विचारता मान का द्यायचा. मी हा प्रश्न असा पाहतो: 'सर्व माणसं' या शब्दांतले सर्व म्हणजे खरोखर सर्व, हा अर्थ त्या शब्दांना ज्यांनी लढून मिळवून दिला त्यांना मान द्या. तो अर्थ लॉकच्या मनात नव्हता, सँ-दोमँगच्या बंडाचा नेता तुसाँ लुव्हेर्त्युर याच्या होता. आपल्याकडे जोतीराव फुल्यांच्या होता. टॉमस पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ त्यांनी विशीत वाचला, आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अर्पण केली निग्रोंची गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांविषयी लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे अटलांटिकपारचे मळे होते. हा संबंध त्यांनी स्वतः जोडला आहे, आपण ओढूनताणून जोडायची गरज नाही.

परीक्षेत वीस गुणांच्या उत्तरात हे सगळं मावणार नाही. रिशेचा लंबक आणि वोल्फची हद्दपारी ही दोन उदाहरणं नीट, तारखांसह लिहा. स्पेनकडे माहिती असूनही ज्ञानोदय तिथे का फुलला नाही, हा परिच्छेद मध्ये घाला, कारण परीक्षकाला कार्यकारणभाव कळल्याची खूण तिथेच दिसेल. जागा उरली तर ओर्ता आणि आंकतिल-द्युपेरों. सँ-दोमँग मात्र जागा नसली तरी बसवा.